मागच्या चौकात येणाऱ्या मांजरीशी ओळख कशी वाढवावी?

जाईचा_मांडव:
नमस्कार मंडळी. आमचं घर इंदूरला लोकमान्य नगरात, तळमजल्यावर. मागे छोटा चौक आहे: धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, जाईचा वेल आणि पत्र्याखाली चादरीत गुंडाळून ठेवलेला कूलर. संक्रांतीनंतर एका सकाळी दूध तापवायला उठले तर टाकीवर एक मांजरी बसलेली. पांढरी, पाठीवर काळी आणि शेंदरी ठिगळं, एका कानामागे अर्धवट भरलेली जखम. मी दाराची कडी काढली आणि तेवढ्या आवाजानेच ती भिंतीवरून पसार झाली. तेव्हापासून रोज येते. जाळीच्या दाराआडून बघत राहिले तर बसून राहते, कडी वाजली की गेलीच.

आमच्याकडे शुद्ध शाकाहारी स्वयंपाक, अंडंसुद्धा आणत नाही. दुधात पोळी कुस्करून ठेवते, ती दूध चाटते आणि पोळी तशीच टाकते. सासूबाईंना मांजर मुळीच चालत नाही. त्यांचं म्हणणं, एकदा खायला घातलं की व्याप मागे लागतो, आज एक आहे, दिवाळीपर्यंत सात होतील. मला ते अगदीच चूक वाटत नाही. पण सकाळी ती टाकीवर दिसली नाही की माझं कामात लक्ष लागत नाही.

तर, हिला माझी भीती वाटू नये म्हणून काय करावं? आणि आमच्यासारख्या घरात तिला घालावं काय?

शेव_जास्त:
ताई, रोज ठरल्या वेळी टाकीवर येऊन बसते म्हणजे तिच्या बाजूने ओळख झालीय. आता पाळी तुमची. फोटो टाका!

खसखस:
आधी तिला हात लावायची घाई मनातून काढून टाका. सुदामा नगरात आमच्या घरामागे अकरा वर्षांत सहा मांजरं आली. त्यातल्या दोघींनी मला कधीच हात लावू दिला नाही. तरी त्या माझ्याच होत्या.

मी करते ते असं. वेळ एकच ठेवायची, सकाळी सात म्हणजे सात. पहिले काही दिवस ताटली तिच्या जागेजवळ, टाकीखाली. आपण दाराशी जमिनीवर बसायचं, उभं राहायचं नाही. तोंड तिच्याकडे नको, जरा तिरकं. हातात मेथीची जुडी घ्या, मटार सोला, काहीतरी करत राहा. चार-पाच दिवसांनी ताटली वीतभर अलीकडे घ्यायची. वीतभरच! ती बिचकली तर ताटली परत मागे. असं करत माझ्या काळीला दाराच्या उंबऱ्यापर्यंत यायला अडीच महिने लागले.

नजरेला नजर भिडवू नका. बघायचंच तर डोळे अर्धे मिटून सावकाश उघडायचे. २०२० मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं होतं. अनोळखी माणसाने असे सावकाश डोळे मिटले तर मांजरंही डोळे बारीक करतात आणि पुढे केलेल्या हाताकडे यायला जास्त तयार होतात. माझी आई मांजरासमोर बसून ‘झोप आली का गं’ म्हणत स्वतःचे डोळे मिटायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

ओटला:
रामबागेत आमच्या वाड्यात पन्नास वर्षं मांजरं होती. दूध-पोळी, वरण-भात, श्राद्धाच्या दिवशी खीर. सगळी ठणठणीत. हे पाकिटातलं खाणं हल्लीचं आहे, त्याच्याशिवाय मांजर जगत नाही असं काही नाही.

सासूबाईंना एक सांगा. षष्ठीदेवीचं वाहन मांजर आहे. आपली सटवाई म्हणजे तीच, बाळाच्या कपाळी लिहायला येते ती. लेकुरवाळ्या घरातून मांजर हाकलू नये असं आमची आजी म्हणायची, आणि आजीसमोर वाड्यात कुणाची टाप नव्हती.

पांढरा_डगला:
ओटलाकाका, राग मानू नका, पण मी बत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली आहेत म्हणून लिहितो. तुमच्या वाड्यातली मांजरं दूध-पोळीवर जगत नव्हती. वाड्यात धान्याची कोठी असणार, कोठीत उंदीर असणार. त्यांचं जेवण ते. तुमची दूध-पोळी वरचं खाणं होतं.

मांजर मांसाहारीच प्राणी आहे, त्याला त्याचा इलाज नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांसातून मिळतं. कुत्रा ते स्वतःच्या शरीरात तयार करतो, मांजराला पुरेसं करता येत नाही. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून कमजोर होतं. हृदयाचं हे कारण १९८७ साली अमेरिकेत उघडकीला आलं, त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. म्हणून शाकाहारी घराला सगळ्यात सोपं म्हणजे मांजराचं तयार सुकं खाद्य. पाकीट चौकातच एका डब्यात ठेवा, चमचा वेगळा ठेवा, स्वयंपाकघराशी संबंध येत नाही. कुत्र्याचं खाद्य मात्र चालणार नाही, त्यात मांजराला लागतं तेवढं नसतं.

दूध बंद करा. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. आवडीने पितात ही गोष्ट खरी, पण आवडतं ते सोसतंच असं नाही. त्याऐवजी पसरट भांड्यात पाणी. कांदा-लसूण घातलेलं काहीही नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि तापाची, अंगदुखीची आपली पॅरासिटामॉलची गोळी कधीही, अर्धीसुद्धा, पाव सुद्धा देऊ नका. एका गोळीने मांजर मरतं. मी अशी मांजरं टेबलावर पाहिली आहेत, आणणारी माणसं प्रेमानेच देऊन आलेली असायची.

आणि जाईताई, काळा, शेंदरी आणि पांढरा असे तीन रंग एका अंगावर असतील तर ती जवळजवळ नक्की भाटीच असते. बोका असा सापडणं फार विरळ. शेंदरी आणि काळा रंग ठरवणारा गुण एक्स गुणसूत्रावर असतो, दोन्ही रंग दिसायला दोन एक्स लागतात. म्हणजे सासूबाईंचं दिवाळीचं गणित मनावर घ्या.

शेव_जास्त:
आमच्या माऊला पोह्यावरची शेव हवी असते, नाही दिली तर वर्तमानपत्रावर बसते. डॉक्टरकाका, चालते का?

पांढरा_डगला:
मी डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं. आणि शेव चालत नाही. मीठ, मसाला, तेल, तिन्ही नको.

कुंडीतला_मोगरा:
मी वेगळं लिहिणार आहे, रागावू नका. माझ्या गच्चीवर चाळीस कुंड्या आहेत. शेजारच्या ताई चार मांजरांना खायला घालतात आणि ती चारही माझ्या कुंड्यांत घाण करतात. मिरचीची रोपं तीनदा उकरून काढली. गेल्या पावसाळ्यात बुलबुलाने जास्वंदीत घरटं केलं होतं, दोन पिल्लं होती, एका सकाळी नुसती पिसं. माझी मुलगी दोन दिवस जेवली नाही. मांजरांवर प्रेम करणाऱ्यांनी याचाही विचार करावा. खायला घालून दार लावून घेतलं की झालं असं नसतं.

खसखस:
मोगरा, रागवायचं कशाला, खरं आहे ते. ज्याने खायला घातलं त्याची जबाबदारी घाणीचीही आहे. मी चौकाच्या कोपऱ्यात एका घमेल्यात बारीक वाळू ठेवते. मांजराला मऊ, कोरडी, उकरता येईल अशी जागा हवी असते, ती मिळाली की ते कुंडीच्या वाटेला फार जात नाही. रोज खुरपीने काढून टाकायचं, आठवड्याने वाळू बदलायची. कुंड्यांत मातीवर गोटे पसरून ठेवा, किंवा बांबूच्या काड्या उभ्या-आडव्या खोचा. बसायला सपाट जागा मिळाली नाही की ती दुसरीकडे जाते.

घरट्याचं मात्र मलाही उत्तर सापडलेलं नाही. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं. घरटं दिसलं की मी त्या झाडाच्या बुंध्याला पत्र्याची पट्टी गुंडाळते, नख रुतत नाही म्हणून. जास्वंदीसारख्या झुडपाला तेही जमत नाही. तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं.

तिसरा_मजला:
आमच्याकडे विजय नगरात सोसायटीच्या ग्रुपवर रोज यावरून भांडण. कुणी म्हणतं पोत्यात भरून बायपासपलीकडे सोडा. मी त्यांना सांगितलं की प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० पासून कायदा आहे. तर म्हणे कायदा शिकवू नका, जिन्यात वास येतो ते बघा. मग मी जिना स्वतः धुतला, फिनेलऐवजी व्हिनेगरच्या पाण्याने, आणि खायची जागा पार्किंगच्या मागच्या भिंतीशी हलवली. वीस मिनिटांनी ताटल्या उचलते, एक दाणा ठेवत नाही. महिन्याभरात ग्रुपवरचा विषय लिफ्टवर गेला.

आणखी एक. आपल्या शहरात २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला नंबर येतोय, कोपऱ्याकोपऱ्यावरचे उकिरडे गेले, याचा मला अभिमान आहे. पण त्या उकिरड्यांवर जगणारी मांजरं-कुत्री कुठे जाणार होती? ती आपल्या दारात आली. दारात आलेल्याचं काय करायचं हे आता आपल्यालाच ठरवायचंय.

सायकलचा_दांडा:
पोत्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, कधी कुणाला सांगितलं नव्हतं. १९८४ सालची गोष्ट. मी आठवीत होतो. आमच्या माळ्यावर मांजरी व्याली, तीन पिल्लं. वडिलांनी पिशवीत घालून माझ्या सायकलला अडकवली, म्हणाले सियागंजात सोडून ये, किराण्याच्या गोदामांत उंदीर पुष्कळ, उपाशी राहणार नाहीत. मलाही ते पटलं. राजवाड्यापर्यंत पिशवीतून आवाज येत होता, मग थांबला. सियागंजात एका गोदामाच्या पायरीवर पिशवी उघडली. डोळे नुकते उघडलेली पिल्लं, एकमेकांच्या अंगावर चढत होती. ती उंदीर कुठून पकडणार होती? मी त्यांना तिथेच ठेवून निघून आलो. घरी मांजरी तीन दिवस माळ्यावरून खाली आणि खालून माळ्यावर करत होती. माझ्या खोलीच्या दाराशी येऊन ओरडायची.

आता पंचावन्नचा झालो. गेली नऊ वर्षं गल्लीतल्या मांजरींच्या नसबंदीच्या ऑपरेशनचा खर्च मी करतो. त्या तिघांसाठी काही करता आलं नाही.

ओटला:
दांडा, तुम्ही लहान होता. त्या काळी सगळ्यांच्या घरी हेच होत असे, आमच्याही. लिहिलंत ते बरं केलंत.

जाईचा_मांडव:
इतके प्रतिसाद! सगळं वाचतेय, सासूबाईंना षष्ठीदेवीचं वाचूनही दाखवलं. ‘हं’ म्हणाल्या.

सुकं खाद्य आणलं. पहिल्या दिवशी तिने वास घेऊन सोडून दिलं, दुसऱ्या दिवशी ताटली चाटूनपुसून. खसखस, मी मटार सोलत बसते. काल तीन हातांवर येऊन खाल्लं. पण आज कामाच्या मावशींनी तिला बघितलं आणि म्हणाल्या, ‘दीदी, ये तो पेट से है.’ मग मी नीट बघितलं, पोट दोन्ही बाजूंनी फुगलंय. आता काय करू?

पांढरा_डगला:
मांजरीचे दिवस साधारण त्रेसष्ट ते पासष्ट. पोट बाजूंनी दिसायला लागलं म्हणजे अर्धे उलटून गेले असं धरा. खाणं वाढवा, दिवसातून दोनदा. मिळालं तर पिल्लांसाठी असतं ते खाद्य द्या, त्यात ताकद जास्त असते.

तिसरा_मजला:
गाभण असतानाही ऑपरेशन करतात की. पिल्लं रस्त्यावर मरण्यापेक्षा ते बरं नाही का?

खसखस:
करतात, आणि तसं ठरवणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्यासाठी मांजरी हातात यायला हवी. ही अजून तीन हातांवर आहे. धरपकड केली तर ती तुमचा चौक कायमचा सोडेल आणि कुठेतरी गटाराच्या पाइपात जाऊन व्यायेल. जाईताई, एक खोका घ्या, आडवा ठेवा, आत जुनी सुती साडी. अंधाऱ्या, कोरड्या जागी. ती तिथे जाईलच असं नाही, पण सोय ठेवायची.

लष्करवाला:
ग्वाल्हेरहून नमस्कार. आमच्याकडे थंडी कडक असते, मांजरं रात्री गाडीच्या बॉनेटमध्ये इंजिनच्या उबेला शिरतात. आमच्या लष्कर भागातल्या गल्लीत एकाने सकाळी गाडी सुरू केली आणि आत मांजर होतं, पुढचं लिहवत नाही. तेव्हापासून आमच्या घरात नियम, हिवाळ्यात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा आणि एकदा हॉर्न. सगळ्यांनी हे करावं ही विनंती.

विश्वामित्रीकाठ:
मी बडोद्याची. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं, आम्ही वर गेलो. विश्वामित्रीला पूर म्हणजे पाण्यात मगरीही असतात. समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर एक करडा बोका दोन दिवस बसून होता. आम्ही गच्चीवरून काठीला डबा बांधून त्याला खायला पोचवलं. पाणी उतरल्यावर तो सरळ आमच्या जिन्यात आला आणि माझ्या पायावर डोकं घासलं. त्याआधी चार वर्षं मी त्याला लांबून ‘शूक शूक’ करत होते! जाईताई, तुमचं होईल, तिला वेळ द्या.

जाईचा_मांडव:
घाईत लिहितेय. माझ्या मुलीने आज खाताना तिच्या पाठीला हात लावला. तिने वळून पंजा मारला, मनगटावर दोन ओरखडे, थोडं रक्त आलं. डेटॉल लावलंय. पुरे ना?

पांढरा_डगला:
नाही, पुरे नाही. आत्ता लगेच नळाखाली साबण लावून सलग पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. त्यावर हळद, मलम, पट्टी काही बांधू नका. आणि आजच सरकारी दवाखान्यात जा. मांजरापासूनही रेबीज होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की त्यावर उपाय नाही. लस सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. कातडीत देतात ती पहिल्या दिवशी, मग तिथून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. रक्त आलंय म्हणून लसीसोबत जखमेत दुसरं इंजेक्शनही लागेल की नाही, ते डॉक्टर ठरवतील. त्यांना रक्त आल्याचं स्पष्ट सांगा. धनुर्वाताचंही विचारा. मांजरी तर निरोगी दिसते, असं म्हणून थांबू नका.

खसखस:
आणि मुलीला रागवू नका. मांजरीलाही नाही. पोटुशी आहे, पाठीवर अचानक हात आला, तिने तेवढंच केलं.

जाईचा_मांडव:
जाऊन आलो. धुतलं पंधरा मिनिटं, सासूबाई घड्याळ घेऊन उभ्या होत्या. पहिली लस झाली, दुसरं इंजेक्शनही दिलं. तारखा कॅलेंडरवर लिहिल्यात. मुलगी म्हणतेय की तिचं नाव आता ‘ठिगळी’ ठेवायचं.

नवी_पालवी:
नवीन सदस्य आहे. मला चौथा महिना चालू आहे आणि आमच्या दोन मांजरी आहेत. घरचे म्हणतात मांजरींमुळे बाळाला धोका, सोडून द्या. खरं आहे का?

पांढरा_डगला:
अभिनंदन! धोका टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा असतो, आणि तो मांजराच्या विष्ठेतून येतो, अंगावरच्या केसांतून नाही. ताजी विष्ठा लागणीची नसते, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घमेलं रोज साफ व्हायला हवं, आणि ते तुम्ही नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं. बागेतल्या मातीत हातमोजे घालून काम करा. भाज्या नीट धुवा, मांस खात असाल तर पूर्ण शिजवून. तुमच्या डॉक्टरांना मांजरी असल्याचं सांगा. मांजरी सोडायची काही गरज नाही.

नवी_पालवी:
हा प्रतिसाद नवऱ्याला पाठवला. आजपासून घमेलं त्याच्याकडे.

जाईचा_मांडव:
ठिगळी व्याली! खोक्याकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. पत्र्याखालच्या कूलरची एका बाजूची जाळी सैल होती, तिथून आत शिरून वाळ्याच्या गवतावर चार पिल्लं घातली. दोन शेंदरी, एक काळं, एक आईसारखं तिरंगी. मोबाइलच्या उजेडात क्षणभर बघितलं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, ओळीने पीत होती, आणि प्रत्येक जण इवल्या पंजांनी आईचं पोट आळीपाळीने दाबत होता, पीठ मळावं तसं. ठिगळीने माझ्याकडे बघितलं. फिस्कारली नाही. मी डोळे सावकाश मिटले, तिनेही मिटले. मंडळी, मी तिथेच फरशीवर बसून रडले.

खसखस:
अगं बाई! अभिनंदन. आता आठ दिवस तिकडे फिरकू नका, खाणं-पाणी कूलरपासून चार हातांवर ठेवा. जास्त डोकावलं तर ती पिल्लं उचलून दुसरीकडे नेईल. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात ते उगीच नाही.

शेव_जास्त:
पण रंगपंचमी आलीय! गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते तेव्हा आवाज काय असतो माहीत आहे ना. टँकरमधून रंग उडवतात.

जाईचा_मांडव:
गेर आमच्यापासून लांब असते, पण गल्लीतली मुलं डीजे लावतातच. मी आणि मुलगी आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगून आलो की आमच्या चौकाच्या बाजूला पिचकारी नको, पिल्लं आहेत. मुलांनी ऐकलं. वर दिवसभर एकेक जण ‘आंटी, बच्चे दिखाओ ना’ म्हणत दाराशी.

तरी संध्याकाळी काळं पिल्लू भिंतीपाशी एकटं ओरडताना दिसलं. उचलू का?

पांढरा_डगला:
लगेच नको. आई जागा बदलत असेल तर एकेकाला नेते, मधे एखादं थांबलेलं असतं. लांबून बघा, दोन-तीन तास. ऊन, पाऊस, कुत्रा यांचा धोका असेल तरच हलवा. हात लागला म्हणून आई टाकून देते हे खरं नाही, पण उगीच हलवू नये. अगदी गार पडलं असेल तर आधी ऊब द्यायची, मग खाणं. गार पिल्लाला दूध पाजलं तर पचत नाही, मरतं. आणि गाईचं दूध नाही, मांजरांच्या पिल्लांसाठी पावडर मिळते ती.

जाईचा_मांडव:
पाऊण तासाने आली आणि मानेला धरून घेऊन गेली. परत कूलरमध्येच! मला वाटलं, दात लागतील बिचाऱ्याला.

ओटला:
मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत, ताई. म्हण आहे आपली.

कुंडीतला_मोगरा:
मी सुरुवातीला कडक लिहिलं होतं. हा धागा रोज वाचते. गोटे पसरले, मिरच्या वाचल्या. शेजारच्या ताईंशी बोलले, त्यांना ऑपरेशनचं माहीतच नव्हतं. चारपैकी तीन माद्या आहेत. कुठे करून मिळतं?

सायकलचा_दांडा:
खाजगी पशुवैद्य करतात. इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५५ पासूनचं, त्यांचा दवाखाना आहे, तिथे विचारता येईल. खर्चाची अडचण असेल तर मला निरोप करा.

कसं न्यायचं ते सांगतो. पिंजरा आठ दिवस आधीच खायच्या जागी उघडा ठेवा, आत ताटली. तिला तो ताटलीचाच भाग वाटला पाहिजे. नेण्याच्या दिवशी दार लावा आणि वरून चादर टाका, अंधारात ती शांत होते. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं की नाही, किती तास, ते डॉक्टरांना विचारून घ्या. रस्त्यावरच्या मांजरीच्या कानाचं टोक भूल असतानाच जरासं कापून घ्या, म्हणजे पुढे लांबून कळतं की हिचं झालंय, कुणी तिला दुसऱ्यांदा टेबलावर घेत नाही. ती परत त्याच गल्लीत सोडायची. जागा रिकामी केली तर दुसरी मांजरं येतात. तीच मांजरं, पण न व्याणारी, असली की बोक्यांची रात्रीची भांडणं आणि मुताचा वासही बराच कमी होतो.

जाईताई, तुमच्यासाठी खास: पिल्लं पितात तोवर ती परत गाभण राहू शकते. आठ आठवडे झाले की उशीर करू नका. पिल्लांचंही, माद्या चार-पाच महिन्यांत माजावर येतात.

जाईचा_मांडव:
वहीत लिहून ठेवलंय.

एप्रिल संपत आला, पारा चाळिशीच्या वर. नवरा कूलर काढायला चौकात गेला, गवताच्या जाळ्या बदलायला माणूस बोलावला होता. सासूबाई मधे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘लेकुरवाळीला या उन्हात कुठे काढता? पंख्यावर निभेल यंदा.’ माझ्या सासूबाईंना रात्री कूलरशिवाय झोप येत नाही, हे या धाग्यावर कुणाला माहीत नसेल म्हणून लिहिलं. गवतावर सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी आता त्या स्वतः शिंपडतात, बाहेरच्या बाजूने.

शेव_जास्त:
सासूबाईंना या धाग्यावर आणा. मी उभं राहून नमस्कार करतो.

जाईचा_मांडव:
शेवटची खबर. पिल्लं आठ आठवड्यांची झाली, जंताचं औषध झालं, पहिली लस झाली, रेबीजची तीन महिन्यांची झाली की द्यायची आहे. दोन शेंदऱ्यांना एकत्र घर मिळालं, राजेंद्र नगरात. काळा बोका मोगराताई घेऊन गेल्या! तिरंगी आमच्याकडे, मुलीने सोडली नाही.

ठिगळीचं ऑपरेशन मागच्या सोमवारी झालं, डाव्या कानाचं टोक कापलंय. टाके सुकेपर्यंत बाथरूममध्ये ठेवली होती. सोडली त्या दिवशी माझ्याकडे न बघता भिंत ओलांडून गेली. एक दिवस नाही, दोन नाही, तीन नाही. मला वाटलं, गेली, मीच दगा दिला तिला. मटार संपलेत बाजारातले, मी नुसतीच दाराशी बसत होते.

आज सकाळी सातला सासूबाईंनी मला हलवून उठवलं, बोट ओठावर. टाकीवर बसली होती. मी हळूच कडी काढली आणि ती वाजलीच नाही. सासूबाई कानाशी म्हणाल्या, ‘कालच तेल घातलंय.’